लहानुभाऊंचा फिरता स्टुडिओ

लहानुभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी पंखा बंद करतात. चपला दारात काढायच्या, हात थेट भिंतीवरच्या बटणाकडे न्यायचा आणि मग म्हणायचं, "बरे हाय ना जी?" आरमोरीत मे महिन्यात दुपारी पंखा बंद करणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं, हे खरं तर घरवाल्याने ठरवावं. पण लहानुभाऊंना कुणी काही म्हणत नाही. घरवाला मुकाट्याने वारा घ्यायला जुनं वर्तमानपत्र शोधतो. पंख्यानंतर त्यांचं लक्ष फ्रीजकडे जातं. फ्रीज मात्र ते विचारून बंद करतात. तेवढी सभ्यता आहे.

एकदा त्यांनी बँकेतला कुलर बंद केला. रांगेत उभी असलेली सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. लहानुभाऊंनी एक बोट वर केलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "आता आयका. किती बरं वाटते." वॉचमनने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं, तेव्हा ते त्याच्या बुटांच्या आवाजाबद्दल काही सुचवत होते.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर चंद्रपूरचं. बदली होऊन आरमोरीला आले आणि लहानुभाऊंच्या भिंतीला लागून दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात एक माणूस उभा. सहा फुटांच्या वर उंची, चौकटीत मावेना. ज्याने याचं नाव लहानू ठेवलं, त्याला पुढचं काही दिसलं नसावं.

"बाई, तुमच्याकडं मिक्सर हाय का?"

मला वाटलं, मागायला आले. "आहे ना. देऊ?"

"द्याचा नाई. कव्हा लावता, ते सांगा."

त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात वेळापत्रक लागलं. मिक्सर सकाळी सातच्या आत. कुकरच्या शिट्ट्या सलग घ्यायच्या, मधे थांबून थांबून नाही. भांडी घासायची ती मागच्या अंगणात. आयुष्यभर पोरांना वेळापत्रकं लिहून दिली, मला कुणी लिहून देईल असं कधी वाटलं नव्हतं.

याचं कारण भिंतीपलीकडे होतं. लहानुभाऊंच्या घरात गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ होता. बाहेर पत्र्याची पाटी होती : 'येथे आवाज भरून मिळेल.' ती वाचून एकदा एकजण सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायला आला होता. लहानुभाऊंनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि कोरसमध्ये उभा केला. हवा कुठे भरली ते माहीत नाही.

लहानुभाऊ मूळचे वायरमन. दिवाळीनंतर धान निघाला की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. त्या नाटकांना भोंगे आणि माइक पुरवायचं काम त्यांनी वीसेक वर्षं केलं. स्टेजच्या बाजूला मशीन घेऊन बसायचं, डोक्याशेजारी भोंगा. तिथे त्यांना एक चुटपुट लागली. एखादी नटी असं गायची की अख्खा मंडप गप्प व्हायचा, आणि गाणं संपलं की संपलं.

"गेला ना जी तो आवाज! वावरात गेला. परत थोडी येते तो?" हे सांगताना अजूनही त्यांचा हात शेतांच्या आणि पलीकडच्या नदीच्या दिशेने जातो, जणू काही एखादं वासरू सुटून गेलं आहे.

मग त्यांनी टेप आणला, पुढे जुना कॉम्प्युटर, एक माइक, दोन स्पीकर. स्टुडिओ उभा राहिला तो घरातल्या धानाच्या खोलीत. तीन बाजूंनी धानाची पोती छतापर्यंत रचलेली. पोत्यांत आवाज असा मुरायचा की पहिल्यांदा गायलेला भजनी बुवा स्वतःचा आवाज ऐकून म्हणाला, "हा मी नोहोच." वर्षभर सगळं छान चाललं. मग यशोदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, रीतीप्रमाणे धान विकायला काढला. पोती गेली, भिंती उघड्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी लहानुभाऊ डोक्याला हात लावून बसले. "आवाज पातळ झाला जी. धान इकाचाच नाई."

"मंग खाचं काय?" वहिनी म्हणाल्या. "आवाज?"

तेव्हापासून स्टुडिओ फिरायला लागला. धानाच्या खोलीतून तो पडवीत आला. पडवीत राइस मिलची घरघर यायची म्हणून स्वयंपाकघरात गेला. स्वयंपाकघर पडवीत आलं. पावसाळ्यात बांधीतले, म्हणजे भातखाचरातले, बेडूक ओरडायला लागले तेव्हा तो माळ्यावर चढला. माळ्यावर कबुतरं होती, म्हणून गोठ्यात उतरला. गाय पडवीत आली, चूल मागच्या अंगणात गेली. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "माहं लगन झालं तव्हा एक चूल होती बाई. आता सकायी उठून इचारा लागते, चूल कुठी हाय म्हून."

गोठ्यातल्या स्टुडिओला त्यांनी चारी बाजूंनी तनसाने भरलेले बारदाने लावले. तनस म्हणजे भाताचा पेंढा. आवाज सुंदर झाला, पण उंदीरही झाले. एका लग्नाच्या गाण्यात, नवरदेव घोड्यावर बसतो त्या कडव्याला, मागे एक उंदीर बारीक आवाजात तीनदा बोलला आहे. मंडपात सगळ्यांना ते नवीन वाद्य वाटलं. पुढच्या दोन वऱ्हाडांनी तेच वाद्य मागितलं.

काय काय भरलं गेलं त्या घरात! नाटकाची गाणी, भीमगीतं, मंडळांची भजनं, वाढदिवसाच्या शुभेच्छा. एका साडीच्या दुकानाची 'फक्त आजचाच दिवस' अशी घोषणा तर ऑटोवरून तीन वर्षं फिरत होती. मलाही त्यांनी सोडलं नाही. 'ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा' हे घंटागाडीवर जे वाजतं ना, तो माझा आवाज. माझ्या वर्गातली पोरं गाडी आली की माझ्याकडे बघून हसतात.

रेकॉर्डिंग चालू असताना लहानुभाऊंना एका जागी कधी पाहिलं नाही. कानाला हेडफोन, त्याची लांब वायर, आणि वायर पुरेल तितक्या गोलात यांचे पाय चाललेले, दाव्याला बांधलेल्या बैलासारखे. मधेच थांबायचे, बोट वर करायचे.

"थांबा. आवाज येऊन राह्यला."

पहिली काही वर्षं खरंच आवाज असायचा. मिल असायची, ट्रक असायचा, कुठे नळ गळत असायचा. त्यांचा कान असा होता की तिसऱ्या घरातलं दुधाचं पातेलं उतू चाललेलं ते सांगायचे. पण गेल्या दोन वर्षांत एक नवाच आवाज सुरू झाला. बारीक, शिट्टीसारखा, न थांबणारा. त्यांनी वायरिंग बदललं. अर्थिंगसाठी अंगणात पुरुषभर खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. मेन स्विच बंद करून अंधारात बसून राहिले, तरी शिट्टी होतीच. मग खांबावरच्या तारा वाजतात असं ठरवून त्यांनी वीजवाल्यांकडे अर्ज केला. एक लाइनमन येऊन खांबाला कान लावून गेला. त्या पावसाळ्यात स्टुडिओ तीन वेळा हलला आणि शेवटी परत गोठ्यातच आला.

आता माझा गुन्हा सांगते. एका दुपारी मी शाळेतून आले तर लहानुभाऊ दारातच उभे. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी मला स्टुडिओत नेलं, हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"येते ना?"

मला काहीही ऐकू येत नव्हतं. पण तो एवढा मोठा माणूस माझ्यासमोर असा वाकून उभा होता, की मी म्हणून गेले, "हो... थोडासा येतो."

त्यांचा चेहरा उजळला. ते वहिनींकडे वळले. "पाय! शिकल्या-सवरल्या बाईले आयकू आला. तुलेच काऊन नाई येत?"

वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या संध्याकाळी लहानुभाऊंनी गोठ्याची एक भिंत उतरवायला घेतली.

गोष्ट फुटली ती नाटकवाल्यांमुळे. हंगाम तोंडावर आला होता. दरवर्षीची मंडळी नव्या नाटकाची सहा गाणी भरायला आली. मॅनेजर, हार्मोनियमवाला, तबलजी आणि गाणारी बाई. मी कोरसला होते. पहिलं कडवं झालं आणि लहानुभाऊंनी बोट वर केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बोट. दहा-बारा वेळा तेच. गाणाऱ्या बाईंचा घसा बसत चालला. शेवटी मॅनेजरने पेटीचा भाता मिटला.

"लहानुभाऊ, आवाज येत नाई जी. तुमाले येते."

"बाईले बी येते!" लहानुभाऊ माझ्याकडे हात करून म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. मॅनेजर समजायचं ते समजला. त्यांनी सामान आवरलं, वाईट वाटून घेऊ नका म्हणाले आणि गेले. दरवर्षीची मंडळी होती ती. जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत लहानुभाऊ अंगणात उभे होते.

वहिनी माझ्याजवळ आल्या. "बाई, खरं सांगा. तुमाले आयकू येते?"

"नाही."

"मंग सांगा त्यायले. माहं तं आयकतच नाई."

मी अंगणात गेले. म्हटलं, "भाऊ, मी त्या दिवशी खोटं बोलले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुमी तं म्हनल्या व्हत्या." आणि घराभोवती चालायला लागले. एक फेरी, दुसरी फेरी. मी मोजणं सोडून दिलं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी त्या दोघांना घेऊन चंद्रपूरच्या बसमध्ये बसले. माझ्या ओळखीच्या एक कानाच्या डॉक्टरबाई आहेत. बस म्हणजे खिळखिळ्या काचांचा आणि इंजिनाचा नुसता कल्ला. मला वाटलं, भाऊ ड्रायव्हरला जाऊन इंजिन बंद करायला सांगतील. पण ते खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले. वहिनी हळूच म्हणाल्या, "पायता ना बाई? गाडीत झोपते हा मानूस. घरी डोयाले डोया लागत नाई."

दवाखान्यात कान तपासायची एक छोटी बंद खोली होती. लहानुभाऊंनी ती पाहिली आणि आपण कशाला आलो हेच विसरले. भिंतींवर टिचक्या मारल्या, दार तीनदा उघडून लावलं, खाली बसून फरशीवरून हात फिरवला. "खाली रबर टाकला का जी? काच दोन पदरी दिसते. मिस्तरी कोनता?" डॉक्टरबाईंना असा पेशंट पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी कसंबसं त्यांना आत खुर्चीवर बसवलं, हेडफोन दिला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. दार लागलं.

आम्ही बाहेर काचेतून बघत होतो. भाऊ बटण दाबत होते. मधेच डॉक्टरबाईंचे हात मशीनवरून खाली आले, तरी भाऊंनी बटण दाबूनच धरलेलं.

बाहेर आले ते खुशीत. "खोली बढिया हाय, डॉक्टरबाई. पन तुमच्या खोलीतबी येते. तोच आवाज. इथी तं अजून साफ येते." आणि त्यांनी ओठ आवळून ती बारीक शिट्टी वाजवून दाखवली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "भाऊ, शेवटची दोन मिनिटं मी मशीन बंद ठेवली होती. त्या खोलीत कुठलाच आवाज नव्हता."

लहानुभाऊ वहिनींकडे बघायला लागले. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. इतकी वर्षं भोंग्याशेजारी बसून कानाच्या आतल्या नसा दुखावल्या. बारीक आवाज ऐकू येणं कमी झालं आणि त्याच्या जागी ही शिट्टी कानातच तयार होते. कायमची घालवायचं औषध नाही. तिच्यासोबत राहायची सवय करून घ्यावी लागेल. लहानुभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"म्हंजे बाकीच्यायले शांत आयकू येते?"

"हो."

"सगळ्यायले?"

डॉक्टरबाईंनी मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये ते झोपले नाहीत. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "बाई, मले वाटे, हा आवाज सगळ्यायलेच येत असन. लोकं आयकून सोडून देत असन, आन मीच एकटा धरून बसलो असन."

घरी आल्यावर त्यांनी मशीनवर चादर टाकली. पाटी उतरवून गोठ्याच्या मागे ठेवली. आणि माणूस सुटल्यासारखा चालायला लागला. सकाळी बस स्टँड, तिथून गडचिरोली रोडने दूरवर, परत बस स्टँड. जिथे गोंगाट असेल तिथे थांबायचे. मिलच्या दारात तासभर उभे राहायचे. मी मिक्सर वाटेल तेव्हा लावू शकत होते, पण भिंतीपलीकडून कुणी ओरडत नाही म्हटल्यावर चटणी वाटायची इच्छाच होईना.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून दोन बसगाड्या बदलून एक म्हातारी आली. रुखमा आजी. काखेत पिशवी, पायांत प्लास्टिकच्या चपला. तिला रेलाची, म्हणजे गोंडी नाचाची, पुष्कळ गाणी येत. भाऊंनी मागच्या वर्षी एका बाजारात तिला ऐकलं होतं आणि धान कापून झाला की ये म्हणून सांगितलं होतं.

"जोहार," ती म्हणाली. "तू ये म्हनला व्हता. आली."

"आजी, स्टुडिओ बंद झाला."

"बंद हाय तं खोल," असं म्हणून ती ओसरीवर पाय पसरून बसली आणि तिने पाणी मागितलं.

लहानुभाऊ आत-बाहेर करायला लागले. आजीला परत पाठवायचं कसं, आणि भरायचं तर ऐकायचं कुणी? तेवढ्यात गोठ्यात धूळ झटकल्याचा आवाज आला. आम्ही गेलो तर वहिनींनी मशीनवरची चादर काढली होती आणि हेडफोन डोक्यावर चढवला होता.

"बटनं तुमी दाबा," त्या म्हणाल्या. "आयकाचं काम माह्याकडं."

"तुले जमन?"

"बारा वर्सं या घरात चूल घेऊन फिरली. हे नाई जमन?"

आजी गायला लागली. तो आवाज सांगता येणार नाही मला. खरखरीत होता आणि तरीही त्यात कुठेतरी पोरीसारखं हसू होतं. दुसऱ्या गाण्याच्या मधे वहिनींनी अचानक हात वर केला.

"थांबा. कोंबडी हाय. गोठ्याच्या मांगं, डाव्या बाजूले."

मला कोंबडी ऐकू आली नव्हती. भाऊ बाहेर धावले आणि काखेत कोंबडी धरून परत आले. ती कोंबडी फडफडत होती, आणि ते तिला तसंच धरून वहिनींकडे बघत उभे होते. लग्नाला तीस वर्षं झाली असतील, पण त्या दिवशी ते बायकोला पहिल्यांदा बघत होते असं वाटलं. नंतरची सगळी गाणी त्यांनी दाराबाहेर पहारा देत काढली. कुत्री हाकलली, एका मोटारसायकलवाल्याला गाडी ढकलत न्यायला लावली. दुपारपर्यंत चौदा गाणी भरून झाली.

गाणी झाली की लहानुभाऊंची एक रीत असते, ती मला त्या दिवशी नीट कळली. सगळ्यांना गप्प करायचं आणि मिनिटभर माइक नुसता चालू ठेवायचा. खोलीची शांतता भरून घ्यायची. गाणी जोडताना मधल्या फटी बुजवायला ती लागते. त्यांनी बटण दाबलं. आजीने तोंडावर हात ठेवला. आम्ही श्वास धरून बसलो. मिनिट झालं, भाऊंनी बटण सोडलं. मी आजीला जेवायला नेण्यासाठी उठले आणि दारातच थांबले, कारण मागून भाऊंचा आवाज आला. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आली का?"

"आली," वहिनी म्हणाल्या. हेडफोन अजून त्यांच्या कानावरच होता.

"कशी हाय?"

"कशी म्हंजे? शांत हाय."

"ते समजलं व. पन कशी हाय? सांग ना."

वहिनी जरा गोंधळल्या. त्यांना असं कुणी काही सांगायला लावलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला आणि डोळे मिटले.

"आजीचा श्वास हाय," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "गाईचा रवंथ हाय, थोडासाक. त्याच्या मांगं मंग काईच नाई. मोकळं हाय."

"लय मोकळं?"

"लय."

"कुठवर?"

वहिनी ऐकत राहिल्या. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पार नदीपावतर," वहिनी म्हणाल्या.